कोपरा कापलेल्या रेकॉर्ड्स

सदर : ऐकावे जनाचे



या वेळी आधी माझी एक चूक सांगते. मग त्या चुकीमुळे जे ऐकायला मिळालं, ते.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात डोंबिवलीहून मामाचा फोन आला. त्याची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली आहे. नवीन इमारत होईपर्यंत भाड्याच्या लहान घरात राहायचं, म्हणून माळा रिकामा करायला काढला होता. "अगं, माझ्या रेकॉर्ड्सचा खोका आहे. नेतेस का? नाहीतर भंगारवाला येतोय उद्या-परवा, त्याला देऊन टाकतो."

मामा मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होता. सत्तरच्या दशकात त्याची जहाजं न्यूयॉर्क, बाल्टिमोर, फिलाडेल्फिया अशा बंदरांना लागत. सुट्टीवर येताना तो बाकीच्यांसारखे परफ्यूम आणि घड्याळं आणायचाच, पण बॅगेच्या तळाशी कपड्यांच्या घडीत दोन-चार रेकॉर्ड्सही असायच्या. लहानपणी त्या हातात घ्यायची आम्हाला परवानगी नव्हती. आता मामा ७८ वर्षांचा आहे, कानाला मशीन लावतो आणि रेकॉर्ड प्लेअर कधीच बंद पडलाय.

आम्ही गाडी घेऊन गेलो, खोका डिकीत टाकला आणि रात्री बडोद्याला घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे आले, मग ऑफिस, मग लेकीचा क्लास. खोका डिकीतच राहिला. दोन दिवस उघड्या पार्किंगमध्ये, बडोद्याच्या मे महिन्याच्या उन्हात.

तिसऱ्या दिवशी खोका उघडला तेव्हा वरच्या पाच तबकड्या भाजलेल्या पापडासारख्या वळल्या होत्या. ४३ रेकॉर्ड्स माझ्या हवाली केल्या होत्या, ३८ शिल्लक राहिल्या. व्हिनाइल साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि उन्हातल्या बंद डिकीत पारा तिथवर सहज जातो, हे मी नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

मामाला लगेच सांगायचं धाडस झालं नाही. आधी कळू तरी दे की मी नक्की काय खराब केलंय, असं म्हणून उरलेल्या ३८ घेऊन बसले.

कोपरा कोणी कापला?

पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की निम्म्याहून जास्त कव्हरांचा एक कोपरा तिरका कापलेला होता. काहींना बारीक भोक पाडलेलं. मला वाटलं उंदीर, मग वाटलं कस्टमवाले. दोन्ही चूक.

अमेरिकेत एखादी एलपी अपेक्षेइतकी खपली नाही, की कंपनी उरलेला साठा मातीमोल भावाने काढून टाकायची. दुकानदाराने तीच रेकॉर्ड पूर्ण किमतीला कंपनीकडे परत करू नये म्हणून कव्हराचा कोपरा कापायचे, खाच पाडायचे किंवा भोक पाडायचे. अशा रेकॉर्डला तिकडे 'कट-आउट' म्हणतात. आतली तबकडी कोरी करकरीत, फक्त कव्हराला शिक्का बसला की हा माल कोणाला नको होता.

मामाला तेव्हा त्याच परवडत होत्या. म्हणजे तो वेचून आणायचा ते एका अर्थी त्यांचं भंगारच होतं, आणि पन्नास वर्षांनी ते डोंबिवलीत पुन्हा भंगारात निघालं होतं.

या खोक्यात जवळजवळ सगळं सत्तरच्या दशकातलं सोल आणि डिस्को आहे. डिस्को म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चकाकणारा गोळा आणि पांढरा सूट येतो. मलाही तेवढंच माहीत होतं. पण रेकॉर्ड उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचायला लागले, तसं चित्र बदलत गेलं.

देवळातला गळा बाहेर आला

थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या चर्चमध्ये गॉस्पेल गायलं जातं. मुख्य गायक हाक देतो, बाकीचे साद देतात, आवाज फाटला तरी चालेल पण भाव पोचला पाहिजे. आपल्याकडे कीर्तनात बुवा आणि टाळकरी यांच्यात जे चालतं, त्याच्या जवळचं. हा गळा पन्नाशी-साठीच्या दशकांत देवाऐवजी प्रेमाची, विरहाची, रोजच्या जगण्याची गाणी गायला लागला, त्याला सोल म्हणू लागले.

प्रत्येक शहराचं सोल वेगळं. डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डीची मोटाऊन कंपनी, १९५९ पासूनची. मेम्फिसमध्ये विली मिचेल या निर्मात्याच्या हाताखाली अल ग्रीन गायचा, अगदी कानाशी कुजबुजल्यासारखा. हाच अल ग्रीन १९७६ मध्ये मेम्फिसमध्येच चर्चचा पाद्री झाला. गळा जिथून आला होता तिथे परत गेला म्हणा.

आणि फिलाडेल्फिया. मामाच्या खोक्यातला सगळ्यात मोठा गठ्ठा याच शहराचा आहे.

नाव एकाचं, हात दुसऱ्यांचे

डेट्रॉइटपासून सुरुवात करू, कारण तिथे मला पहिल्यांदा कळलं की कव्हराच्या पुढच्या बाजूवर विश्वास ठेवू नये.

साठच्या दशकात मोटाऊनच्या एकामागून एक हिट गाण्यांमागे वादकांचा एकच ताफा होता. स्वतःला ते फंक ब्रदर्स म्हणवत. गाणारे बदलायचे, वाजवणारे तेच. पण रेकॉर्डवर त्यांची नावं छापत नसत. मोटाऊनच्या एलपीवर ती नावं पहिल्यांदा आली १९७१ मध्ये, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. मार्विनचा भाऊ व्हिएतनामच्या युद्धावरून परत आला होता. युद्ध, पोलिसांची दांडगाई, शहरातली गरिबी, विषारी झालेली हवा-पाणी असे विषय त्याने गाण्यात आणले. गॉर्डीला ते मुळीच पसंत नव्हतं. पण गाणं खपलं आणि मग पूर्ण एलपी निघाली.

त्या एलपीवर बेस गिटार वाजवणाऱ्या जेम्स जेमर्सनच्या नावाआधी 'अतुलनीय' असं विशेषण आहे. तुम्ही ती ऐकाल तेव्हा गाणाऱ्याकडे थोडा वेळ दुर्लक्ष करा आणि खालचा जाड, गोल आवाज धरा. तो गाण्याला नुसता ठेका देत नाही, गाण्याशी बोलतो. कसलेला तबलजी गायकाशी बोलतो ना, तसा.

पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, मोटाऊनने मुक्काम लॉस एंजेलिसला हलवला. बहुतेक वादक डेट्रॉइटमध्ये मागे राहिले. जेमर्सन १९८३ मध्ये गेला. त्याचा मोठा सन्मान झाला तो त्यानंतर १७ वर्षांनी, २००० साली. या ताफ्यावरचा माहितीपट निघाला २००२ मध्ये. तोवर त्यातले कित्येक जण ऐकायला उरले नव्हते.

आता फिलाडेल्फिया. केनी गॅम्बल आणि लिऑन हफ या जोडीने १९७१ मध्ये तिथे आपली कंपनी काढली, 'फिलाडेल्फिया इंटरनॅशनल'. ध्वनिमुद्रण जो टार्सिया यांच्या सिग्मा साउंड स्टुडिओत. तिथल्या तीसहून अधिक वादकांच्या ताफ्याचं नाव एमएफएसबी. आई, बाप, बहीण, भाऊ या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. व्हायोलिनं, ब्रास, खाली दणकट ताल, सगळं इस्त्री केल्यासारखं नेटकं. 'सोल ट्रेन' या टीव्ही कार्यक्रमासाठी त्यांनी केलेली धून १९७४ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. वाद्यवृंदाची धून, आणि तीही एका शहराच्या नावाची!

याच स्टुडिओत १९७३ मध्ये 'द लव्ह आय लॉस्ट' हे गाणं झालं. आधी ते संथ बेतलं होतं, पण रंगेना. मग लय वाढवली. ड्रमर अर्ल यंगने मोठ्या ढोलावर प्रत्येक मात्रेला पाय दिला आणि हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप होणारी छोट्या झांजांची जोडी, मधल्या अर्ध्या मात्रांवर उघडत ठेवली. धप-त्स, धप-त्स. आज लग्नाच्या वरातीतल्या डीजेपासून जिममधल्या गाण्यांपर्यंत जो ठेका कानावर पडतो, त्याचं मूळ शोधत गेलात तर बरेच जण तुम्हाला याच गाण्यापाशी आणून सोडतात.

कव्हरवर नाव आहे 'हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्स'. गातोय मात्र टेडी पेंडरग्रास, जो आधी याच मंडळींचा ड्रमर होता. पुष्कळ श्रोते त्यालाच हॅरल्ड मेल्विन समजायचे. पुढे तो वेगळा झाला आणि स्वतःच्या नावाने गाऊ लागला.

आणि वाचकहो, डिकीत वाकलेल्या पाचांत एक होती 'ब्लॅक अँड ब्लू'. हे गाणं ज्या एलपीवर आहे तीच. तिच्या कव्हराच्या मागे निळ्या शाईत मामाच्या अक्षरात तारीख आणि 'फिलाडेल्फिया' असं लिहिलेलं आहे. बाकी एकाही रेकॉर्डवर त्याने काही लिहिलेलं नाही.

बारा इंचांची युक्ती

खोक्यात काही तबकड्या एलपीएवढ्या मोठ्या, पण एका बाजूला एकच गाणं. मला वाटलं काहीतरी सदोष माल असावा. तो तर डिस्कोचा सगळ्यात मोठा शोध निघाला.

एकेरी गाण्याची रेकॉर्ड तोवर सात इंचांची असायची, तीन-साडेतीन मिनिटांची. रेडिओला तेवढं पुरे. पण नाचणाऱ्यांना? अंगात लय भिनते न भिनते तोच गाणं संपतं. शिवाय यामागे तबकडीचं एक शास्त्र आहे. बेसचा आवाज जितका जोरकस, तितका सुईचा चर नागमोडी आणि रुंद होतो, त्याला जागा लागते. लहान तबकडीवर लांब गाणं बसवायचं तर आवाज बारीक करावा लागतो.

टॉम मोल्टन हा न्यूयॉर्कचा मिक्सिंग करणारा माणूस. गाणी नाचासाठी लांबवण्यात त्याचा हातखंडा. १९७५ मध्ये ग्लोरिया गेनरच्या एलपीची पूर्ण एक बाजू त्याने तीन गाणी न थांबता जोडून तयार केली होती. तो एक किस्सा नेहमी सांगत आला आहे. एकदा नमुना तबकडी कापायची होती आणि तंत्रज्ञ होसे रॉड्रिग्जकडच्या सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या. मग मोठी घेतली. त्यावर गाणं एवढ्याशा पट्टीत मावलं, दिसायला विचित्र दिसू लागलं. मोल्टन म्हणाला, चर पसरव आणि आवाज वाढव. वाजवून बघतात तर काय, बेस छातीवर येऊन आदळला!

अडचणीतून बारा इंची एकेरी रेकॉर्ड जन्मली ती अशी. दुकानात सर्वांना विकत मिळालेली पहिली बारा इंची म्हणून जिची ओळख आहे ती १९७६ ची, साल्सोल कंपनीची. 'डबल एक्स्पोजर' या चमूचं 'टेन पर्सेंट'. वॉल्टर गिबन्स या डीजेने ते गाणं नऊ मिनिटांहून लांब केलं. मधे गायक बाजूला होतात, नुसता ताल उरतो, मग एकेक वाद्य परत येतं. जुगलबंदी संपत आली असं वाटतं आणि पुन्हा पेटते, तसं.

आता बारीक अक्षरांची गंमत बघा. कंपनी वेगळी, गाणारे वेगळे, पण मागच्या बाजूला वाचलं तर अर्ल यंग, नॉर्मन हॅरिस, रॉनी बेकर. फिलाडेल्फियाचेच हात! गॅम्बल-हफशी पैशांवरून बिनसल्यावर त्या ताफ्यातले बरेच जण साल्सोलकडे गेले होते. दोन रेकॉर्ड्स शेजारी ठेवल्या तेव्हा हे कळलं. माझ्या मते रेकॉर्ड्स जमवण्याची खरी मजा हीच आहे. एक सापडते, तिच्या पाठीवरचं नाव तुम्हाला दुसरीकडे पाठवतं.

शिकागोची ती रात्र

ही गाणी सुरुवातीला कोणाची होती, हेही सांगायला हवं. १९७० मध्ये डेव्हिड मँक्युसो नावाच्या तरुणाने न्यूयॉर्कमधल्या आपल्या राहत्या मोठ्या खोलीत नाचाच्या पार्ट्या सुरू केल्या. तिला 'द लॉफ्ट' म्हणत. फक्त आमंत्रितांना प्रवेश, दारूविक्री नाही, उत्तम साउंड सिस्टीम. तिथे कृष्णवर्णीय, लॅटिनो, समलिंगी, गरीब-श्रीमंत सगळे एका जमिनीवर नाचत. ज्यांना इतर ठिकाणी दारातच अडवलं जायचं, त्यांचं ते हक्काचं अंगण होतं. १९७७ मध्ये 'सॅटर्डे नाइट फीव्हर' हा सिनेमा आला आणि डिस्को घरोघरी गेला. मग कंपन्यांनी इतका रतीब घातला की लोकांना वीट आला.

पण १२ जुलै १९७९ ला शिकागोत जे झालं ते नुसत्या विटण्यापलीकडचं होतं. स्टीव्ह डाल या रेडिओ निवेदकाने कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर एक कार्यक्रम ठेवला. डिस्कोची एक रेकॉर्ड घेऊन या आणि ९८ सेंटमध्ये सामना बघा. दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत त्या रेकॉर्ड्सचा खोका मैदानात सुरुंग लावून उडवला. हजारो लोक मैदानात घुसले, हिरवळीची नासधूस झाली, दुसरा सामना होऊच शकला नाही.

त्या दिवशी तिथे प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करणारा एक कृष्णवर्णीय मुलगा होता, व्हिन्स लॉरेन्स. त्याने पुढे सांगितलं की लोक आणत होते त्यांत डिस्कोशी काहीही संबंध नसलेल्या, पण कृष्णवर्णीय गायकांच्या रेकॉर्ड्सही होत्या. हे ऐकलं की कळतं, राग फक्त ठेक्यावर नव्हता.

आणि पुढची गोष्ट मला फार आवडते. त्याच शिकागोत, त्याच ठेक्यातून हाउस नावाचं नवं संगीत उभं राहिलं. १९८४ चं 'ऑन अँड ऑन' हे हाउसच्या अगदी पहिल्या रेकॉर्ड्सपैकी एक मानतात. ते लिहिण्यात याच व्हिन्स लॉरेन्सचा हात होता. ज्याने रेकॉर्ड्स उडवलेल्या पाहिल्या, त्यानेच पुढची रेकॉर्ड काढली.

ऐंशीच्या दशकात मात्र डिस्कोच्या रेकॉर्ड्स दुकानाबाहेरच्या टोपलीत चिल्लरीत मिळू लागल्या. त्या उचलल्या कोणी? डीजेंनी, हाउस आणि हिप-हॉप करणाऱ्या पोरांनी, आणि काही वेड्या संग्राहकांनी. आज आपण हे ऐकू शकतो यात त्यांचा मोठा वाटा आहे.

आपली माणसंही होती

या गोष्टीत आपल्याकडचीही दोन नावं आहेत, उगाच ओढून आणलेली नाहीत. एक बंगळूरचे बिद्दू. लंडनला जाऊन निर्माते झाले. १९७४ मध्ये कार्ल डग्लसचं 'कुंग फू फायटिंग' त्यांनी केलं. खरं तर ते रेकॉर्डच्या मागच्या बाजूसाठी घाईघाईत उरकलं होतं, पण ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढे १९८० मध्ये 'कुर्बानी'त नाझिया हसनकडून 'आप जैसा कोई' गाऊन घेणारे हेच.

दुसरं नाव आशा पुथली. जन्म मुंबईचा, शास्त्रीय संगीताची तालीम, अमेरिकेत जाऊन जॅझच्या क्षेत्रातल्या ऑर्नेट कोलमनबरोबर गायल्या. १९७६ च्या 'द डेव्हिल इज लूज' या त्यांच्या एलपीतलं 'स्पेस टॉक' मँक्युसो 'द लॉफ्ट'मध्ये वाजवायचा. १९९७ मध्ये नोटोरियस बी.आय.जी.च्या हिप-हॉप गाण्यात त्याच धुनेचा तुकडा वापरला गेला. मुंबईचा आवाज, पण मुंबईतल्या किती घरांत तो माहीत आहे?

घरात अशा रेकॉर्ड्स असतील तर

कोणाच्या तरी माळ्यावर असतीलच. माझ्या चुकीच्या बदल्यात एवढं लक्षात ठेवा :

• भंगारात देण्याआधी एकदा प्रत्येक कव्हर उलटून वाचा. फोटो काढून ठेवा.
• रेकॉर्ड्स पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. आडव्या थप्पीत खालच्यांवर भार येतो. ऊन, गॅसची शेगडी, टीव्हीची मागची बाजू आणि गाडीची डिकी यांपासून लांब.
• आपल्या पावसाळ्यात कागदी पिशवीला बुरशी धरते आणि ती तबकडीवर उतरते. आतल्या जुन्या पिशव्या बदला, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.
• धूळ मऊ ब्रशने चराच्या दिशेने, गोल पुसा. मळ जास्त असेल तर डिस्टिल्ड वॉटर आणि मायक्रोफायबरचं फडकं. मधल्या लेबलवर पाणी जाऊ देऊ नका. त्याहून जुन्या, ७८ च्या वेगाच्या लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट मुळीच लावू नका, त्या विरघळतात.
• विकत घेताना तबकडी दिव्याखाली तिरकी धरा. केसासारखे ओरखडे बहुधा ऐकू येत नाहीत. नखाला लागणारा ओरखडा ऐकू येतो.
• शेवटच्या चराच्या आणि लेबलच्या मधल्या मोकळ्या जागेत खरवडलेली अक्षरं बघा. रेकॉर्ड कुठे कापली, कधी कधी कोणी कापली, याचा पत्ता तिथे असतो.
• स्वस्तातले सुटकेससारखे प्लेअर बरेचदा सुईचा भार फार जास्त टाकतात. चांगल्या प्लेअरवर तो साधारण दीड ते दोन ग्रॅम असतो. सुई झिजलेली असेल तर आधी ती बदला.
• कोपरा कापलेला असेल तर नाक मुरडू नका. आतला माल बघा.

प्लेअर नसेल तरी काही अडत नाही. यातलं बरंचसं मोबाइलवर मिळतं. इयरफोन लावा आणि 'द लव्ह आय लॉस्ट' तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त झांजांची ती उघडझाप. दुसऱ्यांदा फक्त बेस. तिसऱ्यांदा मागची व्हायोलिनं. चौथ्यांदा सगळं मिळून ऐकाल तेव्हा पेंडरग्रासचा आवाज कशावर उभा आहे ते कळेल. घरातल्या लहानांना बरोबर घ्या. माझी लेक दुसऱ्याच फेरीत म्हणाली, "आई, हे तर आपलं डान्स क्लासचं गाणं आहे." तसं नव्हतं, पण ठेका तिने बरोबर पकडला होता.

मामाला सांगितलं

जूनमध्ये शेवटी फोन केला. पाच गेल्या, असं एका दमात सांगून टाकलं. त्याने विचारलं, "कुठल्या?" मी नावं वाचली. 'ब्लॅक अँड ब्लू'वर तो थांबला. मग म्हणाला, "पाऊस आला का गं तुमच्याकडे?" आणि थोडं इकडचं तिकडचं बोलून फोन ठेवला.

चार दिवसांनी त्याचाच फोन. "फेकलीस का ती?" म्हटलं, नाही. दोन काचांमध्ये दाबून बघितली, सुधारली नाही, पण ठेवली आहे. "बरं केलंस. दुसरी मिळते का बघ. पैसे मी देईन." मग जरा वेळाने, "मशीन लावून आता वरचे आवाज येत नाहीत गं मला. ती झांज येणार नाही. पण खालचा ढोल आणि बेस येतो अजून. टेबलावर हात ठेवला की कळतो."

मला काय बोलावं सुचेना. अर्ल यंगचा डावा पाय मामाच्या कानातून गेलाय, उजवा शिल्लक आहे. तोही किती दिवस, कोणी सांगावं.

दुसरी प्रत मला मिळाली, पुण्याच्या एका विक्रेत्याकडे. अर्थातच कोपरा कापलेली. पैसे मामाकडून घेतले नाहीत. जुनं कव्हर, निळ्या शाईचं, तसंच ठेवलंय. नवी तबकडी त्यात घातली आहे. दिवाळीत प्लेअर, एक जड स्पीकर आणि ही रेकॉर्ड घेऊन मी डोंबिवलीच्या भाड्याच्या घरी जाणार आहे. ट्रेनने, रेकॉर्ड मांडीवर घेऊन. कव्हरावरच्या त्या तारखेला फिलाडेल्फियात काय झालं होतं, हे मी अजून विचारलेलं नाही. गाणं वाजल्यावर तो आपणहून सांगेल, नाही तर नाही.

तुमच्या घरात असा कोणाचा खोका असेल, तर त्यात काय आहे ते ज्याचा आहे त्यालाच विचारा. तो ऐकू शकतोय तोवर, आणि आपण विचारू शकतोय तोवर.

पुढच्या महिन्यात भेटू. तोवर ऐकत राहा!